शाळा सुरू झाली की पोटं का बिघडतात?

श्रोतेहो, नमस्कार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात दोन गोष्टी जवळजवळ एकदमच येतात, पाऊस आणि शाळा. घराघरांत रेनकोट, नव्या वह्या, नवं दप्तर यांची धांदल असते. मग दोन-तीन आठवड्यांत दवाखान्याच्या बाकांवर मलूल चेहऱ्याची मुलं दिसू लागतात. रात्रीत चार-पाचदा ओकलेली, जुलाबांनी गळून गेलेली. सोबत आलेली आजी म्हणते, "नवं पाणी बाधलं हो डॉक्टर." आजीचं म्हणणं खरं आहे. पहिल्या पावसात जमिनीवरची सगळी घाण वाहत विहिरीत, झऱ्यात, फुटक्या जलवाहिनीत शिरते आणि पोटाचे आजार वाढतात. पण त्याच पंधरवड्यात आणखी एक गोष्ट झालेली असते आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. महिनाभर आपापल्या घरी, आजोळी, मामाच्या गावी विखुरलेली मुलं पुन्हा एका वर्गात, एका बाकावर, एका नळाखाली आलेली असतात. आज मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कारण पाऊस कधी पडावा हे आपल्या हातात नाही, पण शाळेचं वर्ष कसं चालवायचं हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी या आजाराची ओळख करून घेऊ. पोट बिघडवणारे विषाणू बरेच आहेत. शाळेच्या वयात सगळ्यांत चलाख आहे तो नोरोव्हायरस. जगभरात वर्षाला अंदाजे ६८ कोटी ५० लाख माणसांना तो आजारी पाडतो आणि त्यातली सुमारे २० कोटी पाच वर्षांखालची मुलं असतात. तो पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत अचानक मळमळ सुरू होते, मग ओकाऱ्या, जुलाब, पोटात कळा, थोडा ताप. बहुतेक मुलं एक ते तीन दिवसांत उठून खेळायला लागतात. घरच्यांना वाटतं, संपलं. पण विषाणू त्या मुलाच्या शौचातून पुढे दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ बाहेर पडत असतो. आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्याचे शंभरहून कमी कणही पुरतात. डोळ्यांना काहीही दिसत नसतं तेव्हा हे घडत असतं.

आता हा हिशेब वर्गाला लावून पाहा. सोमवारी मधल्या सुट्टीत एक मूल वर्गात ओकलं. फरशी पुसली गेली, मूल घरी गेलं. बुधवारपर्यंत त्याच्या बाकावरची, शेजारच्या रांगेतली दोन-चार मुलं गैरहजर. शनिवार-रविवारपर्यंत त्या मुलांच्या घरी धाकटी भावंडं आणि त्यांचं सगळं काढणारी आई आजारी. पुढच्या सोमवारी पहिलं मूल कधीचं वर्गात परतलेलं असतं, आणि धाकट्या भावंडाची अंगणवाडी आता या साखळीत आलेली असते.

असं घडतं हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं तेही एका शाळेमुळेच. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात एका प्राथमिक शाळेतली सुमारे निम्मी मुलं आणि शिक्षक एक-दोन दिवसांत आजारी पडले. त्यांच्या घरच्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला पुढच्या दिवसांत तोच त्रास झाला. नमुने जपून ठेवले होते, पण कारण सापडत नव्हतं. शेवटी १९७२ मध्ये विषाणूतज्ज्ञ आल्बर्ट कपिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दाखवला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लहान मुलांना जुलाब करणारा दुसरा विषाणू, रोटाव्हायरस सापडला. तोवर लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं, हे आज आठवलं की मन थबकतं. आपल्या आज्या-पणज्यांनी किती लेकरं अशी, कारण न कळता गमावली असतील.

थंड देशांत नोरोव्हायरस हा हिवाळ्याचा आजार मानला जातो. तिथे तो नोव्हेंबरपासून वाढतो आणि एप्रिलपर्यंत रेंगाळतो. याला कारणं आहेत. थंड, कोरड्या हवेत हा विषाणू दाराच्या मुठीवर, बाकावर जास्त काळ टिकतो आणि माणसंही खिडक्या लावून घरात बसतात. मग गोव्यात काय? पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण वीस अंशांच्या आसपास असतो. त्या अर्थाने आपल्याकडे हिवाळाच नाही. तर मग या आजाराने इथे यायलाच नको होतं.

याचं उत्तर केरळकडे पाहिलं की मिळतं. केरळचं हवामान आपल्यासारखं, पाऊस आपल्यासारखा, आणि शाळाही आपल्यासारख्याच जूनमध्ये उघडणाऱ्या. तिथे नोव्हेंबर २०२१ मध्ये वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या १३ विद्यार्थ्यांना नोरोव्हायरस झाला. जून २०२२ मध्ये, शाळा उघडून आठवडाही होत नाही तोच, तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम भागातल्या दोन शाळकरी मुलांमध्ये तो सापडला. जानेवारी २०२३ मध्ये एर्नाकुलमच्या एका शाळेतल्या पहिलीच्या मुलांमध्ये सापडला. नोव्हेंबर, जून, जानेवारी. ऋतू तिन्ही वेळी वेगळा होता, पण तिन्ही वेळी मुलं एकत्र शिकत होती, एकत्र जेवत होती. जिथे थंडीची लाट नाही तिथे या विषाणूला माणसांची गर्दी लागते, आणि लहान मुलांची गर्दी कधी आणि कुठे होणार हे शाळेचं वेळापत्रक ठरवतं.

हा निव्वळ माझा तर्क आहे असं समजू नका. कोविडच्या काळात हे साऱ्या जगाने पाहिलं. शाळा बंद झाल्या, माणसं घरात राहिली, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत नोरोव्हायरसच्या साथी एकदम ओसरल्या. मग २०२१ मध्ये निर्बंध उठले. इंग्लंडमध्ये त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीपासून पाच आठवड्यांत १५४ ठिकाणी याच्या साथी नोंदल्या गेल्या. आधीच्या पाच वर्षांत त्याच आठवड्यांची सरासरी होती ५३. आणि त्यांतल्या वाढीचा मोठा वाटा बालवाड्या-पाळणाघरांतून आला. तिकडचा तो भर उन्हाळा! हिवाळ्याचा म्हणून ओळखला जाणारा आजार मुलं एकत्र येताच उन्हाळ्यात उसळला.

म्हणून आपल्या शाळेचं वर्ष एकदा या नजरेनं पाहू या. मे महिन्याची सुट्टी, मग जून. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची सुट्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची मोठी सुट्टी. डिसेंबरअखेर नाताळची. म्हणजे वर्षातून चार वेळा मुलं पांगतात आणि चार वेळा पुन्हा एकत्र येतात. २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. तेव्हा उन्हाची, मुलांच्या दप्तराची, पालकांच्या सोयीची बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाही हवी होती. पण मे महिन्यात ती मुलंही सुट्टीवर गेली आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर पुन्हा वर्गात आली. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होवो की जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या आठवड्यांशी आपल्या शाळेची गाठ पडतेच.

सुट्टी लागली की वर्गातली साखळी तुटते, हे खरं. पण ती दुसरीकडे जोडलीही जाते. चवथीला आपण काय करतो? मुंबई-पुण्याहून, वास्को-मडगावच्या फ्लॅटमधून, सगळं कुटुंब मूळ घरी जमतं. एका पंगतीत पंचवीस-तीस माणसं, एक-दोन न्हाणीघरं, विहिरीचं पाणी, आणि सगळ्यांच्या कौतुकाची नातवंडं. शाळेत एका वयाची मुलं एकमेकांना विषाणू देत होती, इथे नातू तो आजीला देतो. नोरोव्हायरस तरुण माणसाला दोन दिवस लोळवतो, पण सत्तरीच्या आजीचं शरीर जुलाबांनी फार लवकर कोरडं पडतं. या आजाराने जगात दरवर्षी सुमारे दोन लाख माणसं दगावतात, त्यांत सुमारे ५० हजार मुलं असतात आणि वयोवृद्धांनाही मोठा धोका असतो. म्हणून माझं सांगणं असं की चवथीच्या आधीच्या आठवड्यात पोट बिघडलेल्या मुलाला नेवऱ्या भरायला, पंगतीत वाढायला बसवू नका. त्याला मखर सजवू द्या, आरतीला झांज वाजवू द्या.

काविळीचं गणित याहून वेगळं, आणि फसवं. हिपॅटायटिस ए हाही तोंडावाटे पोटात जाणारा विषाणू, पण तो आत गेल्यापासून आजार दिसायला साधारण चार आठवडे लागतात, कधी पन्नास दिवससुद्धा. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या टाकीतलं दूषित पाणी प्यालेलं मूल जुलैमध्ये पिवळं पडतं. चवथीच्या पंगतीत लागण झालेलं मूल घटक चाचणीच्या दिवसांत आजारी पडतं. तोवर कुणाला त्या टाकीची किंवा त्या पंगतीची आठवणही राहिलेली नसते. शिवाय डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत हा विषाणू सर्वांत जास्त पसरतो, आणि सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांत तर कावीळ दिसतच नाही. ते मूल हसत-खेळत असतं, आणि कावीळ होते त्याच्या बापाला. म्हणून एखाद्या वर्गात कावीळ निघाली की आज काय खाल्लं हे विचारून उपयोग नाही. महिन्यामागे ही मुलं कुठे होती, कुठलं पाणी प्याली, हे विचारावं लागतं. शाळेच्या सुट्ट्यांची यादी अशा वेळी डॉक्टरच्या फार उपयोगी पडते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. ओपा, साळावली, अस्नोडा इथल्या प्रकल्पांतून पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घालून निघतं. पण शाळेच्या गच्चीवरच्या टाकीत ते सगळ्या मे महिन्यात पडून राहिलं तर त्यातला क्लोरीन उडून जातो. झाकण सरकलेलं असलं तर पाखरांची विष्ठा, पालापाचोळा, सगळं आत. आपण शाळा उघडण्यापूर्वी भिंती रंगवतो, अंगणातलं गवत काढतो. टाकी मात्र बरेचदा तशीच राहते. टाकी रिकामी करून घासणं, क्लोरीनच्या पाण्याने धुणं, नळ सोडून नळीत साठलेलं जुनं पाणी वाहू देणं, हे काम मुलं येण्याआधी व्हायला हवं. तेही फक्त जूनमध्ये नव्हे, दिवाळीच्या सुट्टीनंतरही. त्या सुट्टीतही पाणी पडून राहतंच.

आता वर्गात मूल ओकलं तर. आपल्या शाळांत फिनेल टाकून पुसायची पद्धत आहे. वास जातो, मनाचं समाधान होतं, पण नोरोव्हायरस मरेल याचा भरवसा नसतो. त्याला लागतं क्लोरीन, म्हणजे घरोघरी मिळणारं ब्लीच. आधी ओकारी कागदाने किंवा टाकाऊ कापडाने टिपून पिशवीत बांधायची, मग एका लिटर पाण्यात किमान चार छोटे चमचे ब्लीच घालून ती जागा आणि आजूबाजूचे बाक भिजवायचे, पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग धुवायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या. ब्लीचमध्ये फिनेल किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. ओकताना बारीक थेंब हवेत उडतात, म्हणून बाकीच्या मुलांना आधी वर्गाबाहेर न्या. आणि हे काम करणाऱ्या मदतनीस बाईंना हातमोजे द्या. त्या बिचाऱ्या बहुतेक ठिकाणी उघड्या हातांनी पुसतात आणि मग घरी जाऊन स्वयंपाक करतात.

हातांबद्दलही असंच. कोविडने आपल्याला सॅनिटायझरची सवय लावली. या विषाणूवर अल्कोहोलचा तो द्रव फारसा चालत नाही. इथे साबण आणि वाहतं पाणीच हवं, वीस सेकंद. शाळांत नळ असतात, साबण नसतो. माध्यान्ह आहाराची पाव-भाजी यायच्या वेळेला मुलांची रांग नळाकडे जाते, हात नुसते ओले होतात आणि शर्टाला पुसले जातात. आहार बनवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांतल्या भगिनींना एक विनंती करतो. तुमच्यापैकी कुणाचं पोट बिघडलं असेल तर बरं वाटल्यानंतरही दोन दिवस तिने भांड्यांपासून दूर राहावं आणि गटातल्या दुसरीने ते काम करावं. शेकडो मुलांच्या ताटाचा प्रश्न आहे.

हे जे "बरं वाटल्यानंतर दोन दिवस" म्हटलं, तोच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा. शेवटची ओकारी, शेवटचा जुलाब थांबल्यापासून ४८ तास मूल घरी राहायला हवं. बऱ्याच देशांतल्या शाळांत हा नियम आहे. आपल्याकडे आईला विचारलं, तर ती म्हणते, "डॉक्टर, आता बरा आहे, पाठवू ना उद्या?" तिचा मी दोष मानत नाही. वेर्ण्याच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या आईला दोन दिवस घरी राहणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी गमावणं. आणि शाळाही तिला मदत करत नाही. उलट आपण वर्षाच्या शेवटी, स्नेहसंमेलनात, टाळ्यांच्या गजरात एक बक्षीस देतो, शंभर टक्के हजेरीचं.

हे बक्षीस बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. हेतू चांगला होता, मुलं शाळेत यावीत हा. ज्या काळात शेतीच्या कामाला, गुरांमागे मुलांना पाठवलं जाई, त्या काळात त्याचा उपयोगही झाला असेल. पण आज त्याचा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहतो. पोटात कळा येत असताना मूल सकाळी शाळेच्या बसमध्ये, बालरथमध्ये चढतं, कारण एक दिवस चुकला तर बक्षीस जाईल. पावसात बंद खिडक्यांच्या त्या बसमध्ये ते ओकतं. ज्या मुलाला आपण प्रामाणिक, कष्टाळू म्हणून गौरवणार, त्याला आपणच साथ पसरवायला लावतो आणि ज्या मुलाची आई शहाणपणाने त्याला दोन दिवस घरी ठेवते, त्याचं नाव यादीतून गळतं. गैरहजेरी आणि आजारपण यांची नोंद हजेरीपटात वेगळी करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्तीही नको, पालकांचा निरोप पुरे. चुकलेली घटक चाचणी पुढच्या आठवड्यात घ्या. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरवायला सांगितलंय, ते शाळेवर बंधन आहे. आजारी मुलाने रोज यावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

हाच हजेरीपट उलट बाजूने किती कामाचा आहे! एका वर्गात एकाच दिवशी तीन-चार मुलं पोटाच्या तक्रारीने आली नाहीत, हे वर्गशिक्षकाला सकाळी पहिल्या तासाला कळतं. आम्हा डॉक्टरांना ते दोन-तीन दिवसांनी कळतं. त्या सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन गेला तर पाण्याचा नमुना वेळेवर घेतला जातो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे जूनमध्ये, चवथीनंतर, दिवाळीनंतर आणि जानेवारीत, शिक्षकांनी या आकड्यावर विशेष लक्ष ठेवावं. डिसेंबर-जानेवारीत सहली, क्रीडामहोत्सव, संमेलनांच्या तालमी एकामागून एक येतात, आणि आपल्या पश्चिम भारतात लहान मुलांतला रोटाव्हायरसही साधारण याच थंडीच्या महिन्यांत वाढतो.

रोटाव्हायरसला निदान लस आहे. तोंडातून द्यायची, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला. भारतातच, दिल्लीत सापडलेल्या विषाणूपासून तयार झालेली लस २०१६ मध्ये सरकारी लसीकरणात आली आणि २०१९ पर्यंत रोटाव्हायरसची लस देशभर पोचली. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. घरात शाळकरी भावंड असेल तर ही लस बिलकूल चुकवू नका.

आणि मूल आजारी पडलंच तर त्याला अँटिबायोटिक देऊ नका. विषाणूवर त्याचा उपयोग नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घालायचं आणि चमच्या-चमच्याने पाजायचं. ओकलं तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा द्यायचं. सोबत उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मिठाची. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. मुलांना जुलाबात चौदा दिवस झिंकही देतात, तेही आरोग्य केंद्रात मिळतं. मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं, किंवा हाक मारली तरी ते झोपेतून नीट उठत नसलं, तर रात्र असो की मुसळधार पाऊस, त्याला घेऊन तडक इस्पितळ गाठा.

पालक-शिक्षक संघाची पुढची सभा तुमच्या शाळेत भरेल तेव्हा तिथे एवढे तीन विषय मांडा. टाकी कधी धुतली त्याची तारीख टाकीवर रंगाने लिहून ठेवावी. प्रत्येक नळाशी साबण असावा आणि त्याचा खर्च संघाने उचलावा. आणि हजेरीचं बक्षीस बंद होत नसेल तर निदान त्याचा ठराव बदलून त्यात ४८ तासांची आजारपणाची सूट लिहावी. मुख्याध्यापक म्हणाले की वरून परिपत्रक यायला हवं, तर त्यांना आदराने सांगा की साबणाला, टाकीला आणि शाळेच्या स्वतःच्या बक्षिसाला परिपत्रक लागत नाही.